पुन्हा नारळाच्या कुस्तीपासून

23 डिसेंबर 2023 च्या रात्री रियाधमध्ये हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड वजनगटाच्या, बॉक्सिंगचा मोठा कार्यक्रम झाला. त्याचा पुढचा अध्याय आयोजकांनी आधीच लिहून ठेवला होता. अँथनी जोशुआ ऑटो वालिनला हरवणार, डिऑन्टे वाइल्डर जोसेफ पार्करला झोपवणार, आणि मग दोन-तीन महिन्यांत जोशुआ विरुद्ध वाइल्डर ही वर्षानुवर्षं रखडलेली लढत लागणार. जोशुआनं आपल्या वाट्याचं काम चोख केलं. वाइल्डरचं मात्र काहीच जमलं नाही. ज्या उजव्या हातानं त्यानं हेवीवेटमध्ये दहशत बसवली होती, तो हात 12 फेऱ्यांत त्यानं नीट उगारलासुद्धा नाही. एका परीक्षकानं तर सगळ्या फेऱ्या पार्करला दिल्या.

माझ्या दृष्टीनं या लढतीचं महत्त्व वेगळं आहे. लागोपाठ हरलेल्या बॉक्सरनं कसं सावरावं, याचा धडा तिच्यात आहे. रिंगमधल्या दोघांच्याही मागे लागोपाठ दोन पराभव होते. पार्कर 2018 साली मार्चमध्ये कार्डिफला जोशुआकडून हरला, त्यात त्याचा जगज्जेतेपदाचा पट्टा गेला. जुलैमध्ये लंडनला तो डिलियन व्हाइटकडून हरला. वाइल्डर फेब्रुवारी 2020 आणि ऑक्टोबर 2021 मध्ये टायसन फ्युरीकडून हरला, दोन्ही वेळा लढत थांबवावी लागेपर्यंत मार खाऊन. जखम सारखीच, उपचार मात्र अगदी निराळे.

दुसऱ्या पराभवानंतर, म्हणजे ऑक्टोबर 2021 पासून त्या रियाधच्या रात्रीपर्यंत, वाइल्डर किती लढला? एकदा. ऑक्टोबर 2022 मध्ये त्यानं रॉबर्ट हेलेनियसला पहिल्याच फेरीत आडवं केलं. दोन वर्षं दोन महिन्यांत त्याची रिंगमधली एकूण वेळ तीन मिनिटंही भरत नाही. त्याच काळात पार्कर पाच वेळा लढला. त्यातली एक लढत तो नॉकआउट होऊन हरला, पण सगळ्या मिळून 35 च्या वर फेऱ्या त्यानं पाहिल्या. रियाधमध्ये घंटा वाजली तेव्हा एकाचं अंग तापलेलं होतं आणि दुसरा आपल्या जुन्या चित्रफितींच्या भरवशावर आला होता. माझं सगळं म्हणणं या दोन आकड्यांभोवती फिरतं.

जत्रेतल्या कुस्त्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना मैदानाची चढण ठाऊक असते. भर उन्हात पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात. ऊन कलतं तसं इनाम वाढतं. एक नंबरची कुस्ती लागेपर्यंत दिवेलागण झालेली असते आणि माणसं झाडांवर चढून बसलेली असतात. एक नंबरच्या कुस्तीत चितपट झालेल्या मल्लाला कुणी नारळावर लढायला लावत नाही हे खरं. पण शहाणा वस्ताद त्याची पुढची जोड चार गावं पलीकडे, कमी इनामावर धरतो आणि तोवर तालमीत त्याला आपल्या नजरेखाली ठेवतो. लागोपाठ हरलेल्या बॉक्सरनं नेमकं हेच करावं असं माझं मत आहे. खाली उतरावं, वारंवार लढावं, आणि वर कधी चढायचं हे त्यानं स्वतः ठरवू नये. ते त्याच्या प्रवर्तकानं, म्हणजे लढती भरवून विकणाऱ्यानं, तर मुळीच ठरवू नये.

ऐकायला हे साधं वाटतं, पण आजच्या बॉक्सिंगची घडी याच्या बरोब्बर उलट बसलेली आहे. मोठ्या लढतींच्या करारात फेरलढतीचं कलम असतं. पट्टा बाळगणारा जगज्जेता हरला तर त्याला लगेच त्याच माणसाशी पुन्हा लढण्याचा हक्क मिळतो. हक्क म्हणून तो गोड वाटतो, पण पुष्कळदा तो सापळा ठरतो. लागोपाठचा दुसरा पराभव अनेकदा या कलमातूनच जन्माला येतो. जोशुआ सप्टेंबर 2021 मध्ये लंडनला ओलेक्सांद्र उसिककडून गुणांवर हरला. मध्ये एकही लढत नाही, आणि ऑगस्ट 2022 मध्ये जेद्दाला पुन्हा उसिकच समोर. पुन्हा हरला. फ्युरीशी तिसरी लढत मिळावी म्हणून वाइल्डरचा गट लवादापर्यंत गेला. लवाद जिंकला, लढत हरली.

लगेचची फेरलढत सरसकट चूक, असं मी म्हणत नाही. हाच जोशुआ जून 2019 मध्ये न्यूयॉर्कला अँडी रुइझकडून हरला आणि सहा महिन्यांत त्याला हरवून पट्टे परत घेऊन आला. लेनक्स लुईसनं 2001 मध्ये हसीम रहमानचा हिशेब त्याच वर्षात चुकता केला. पण या दोन्ही पराभवांत हरणारा गाफील होता आणि दोघांतला सरस तोच होता. उसिकपुढे जोशुआ गाफील नव्हता, कमी पडत होता. आपण घसरलो की समोरचा आपल्याहून चांगला आहे, हे ओळखणं ही सावरण्याची पहिली पायरी. आणि हरलेल्या माणसाला नेमकं तेच ओळखता येत नाही.

वाइल्डरला तर अजिबात आलं नाही. फेब्रुवारी 2020 च्या पराभवानंतर त्यानं दोष दिला तो रिंगपर्यंत चालत येताना घातलेल्या पोशाखाला. पोशाखाचं वजन 40 पौंडांच्या वर होतं, त्यानं पाय गळाले म्हणे. मग दोष फ्युरीच्या ग्लोव्ह्‌जवर गेला. आणि सातव्या फेरीत टॉवेल टाकून, म्हणजे त्याच्या वतीनं हार मान्य करून, त्याला वाचवणाऱ्या प्रशिक्षक मार्क ब्रेलंडला त्यानं कामावरून काढलं. ब्रेलंड 1984 चा ऑलिम्पिक सुवर्णविजेता आणि पुढे व्यावसायिक जगज्जेता. आपला मल्ल डोळ्यांदेखत फुटतोय हे बघून त्यानं जे केलं ते त्या रात्री वाइल्डरच्या बाजूनं केलेलं सगळ्यात शहाणं काम होतं. ते करणाऱ्यालाच हाकलल्यावर कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या प्रशिक्षक-मदतनीसांत, उरतात ती ‘भाऊ, तूच राजा’ म्हणणारी माणसं.

वस्ताद बदलण्याबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण पराभवानंतर सगळ्यात आधी गळा कापला जातो तो प्रशिक्षकाचा. पार्करनंही प्रशिक्षक बदलला, पण 2018 च्या पडझडीत नाही. केव्हिन बॅरीबरोबर तो पुढे दोन वर्षांहून अधिक राहिला, लढती जिंकला, आणि 2021 च्या सुरुवातीला शांतपणे वेगळा होऊन अँडी लीकडे गेला. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 2022 मध्ये जो जॉइसनं त्याला अकराव्या फेरीत झोपवलं तेव्हा लीला काढून टाकण्याचं आयतं निमित्त होतं. पार्करनं तसं केलं नाही. उलट जोशुआ बघा. रॉब मॅक्रॅकन, मग रॉबर्ट गार्सिया, मग डेरिक जेम्स, मग बेन डेव्हिसन. पहिल्या उसिक लढतीपासून डॅनियल दुबॉइसच्या लढतीपर्यंत, म्हणजे तीन वर्षांत, चार कॉर्नर. चौघंही जाणते. पण एक म्हणतो पुढे हो, दुसरा म्हणतो जॅबमागून (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाआडून) खेळ, तिसरा आणखी काही. तिशी ओलांडलेल्या माणसाच्या पायांनी कुणाचं ऐकायचं?

जोशुआवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो की दुसऱ्या उसिक लढतीनंतर त्यानं काही काळ अगदी शहाणपणानं पावलं टाकली. एप्रिल 2023 मध्ये जर्मेन फ्रँकलिनशी 12 कंटाळवाण्या फेऱ्या, ऑगस्टमध्ये हेलेनियस, डिसेंबरमध्ये वालिन. लोकांनी नावं ठेवली. ‘याचे दिवस संपले, आता सोपी माणसं शोधतोय.’ माझ्या मते त्याच्या उत्तरार्धातलं हेच वर्ष सगळ्यात बरोबर होतं. बिघडलं ते मार्च 2024 मध्ये. फ्रान्सिस एन्गानू हा मिश्र मार्शल आर्ट्‌समधला मोठा गडी, पण बॉक्सिंगमधली ती त्याची दुसरीच व्यावसायिक लढत. जोशुआनं त्याला दुसऱ्या फेरीत असा झोपवला की ती चित्रफीत जगभर फिरली आणि सगळ्यांना, बहुधा त्यालाही, वाटलं की जुना जोशुआ परतला. सप्टेंबरमध्ये वेम्ब्लीत 96,000 माणसांसमोर दुबॉइसनं त्याला पाचव्या फेरीपर्यंत चार वेळा जमिनीवर आणलं. सोप्या माणसाला पाडून मिळालेला आत्मविश्वास हा उसन्या पैशासारखा असतो, वसुली होते तेव्हा व्याजासकट होते. एन्गानूऐवजी एखादा नाव नसलेला, पण समोरच्याच्या हल्ल्यावर उलटा ठोसा मारता येणारा माणूस त्याच्यासमोर हवा होता.

म्हणूनच खाली उतरायचं म्हणजे कुणाही पडेलाशी लढायचं असं नाही. प्रतिस्पर्धी निवडणं ही वैद्याची कला आहे, नाडी बघून पथ्य ठरवायचं. याचं सगळ्यात सुरेख उदाहरण मॅनी पॅकियाओचं. 2012 मध्ये तो लागोपाठ दोन वेळा हरला. जूनमधला टिमथी ब्रॅडलीविरुद्धचा निकाल बहुतेकांना पटला नव्हता, त्यामुळे तो पराभव मनाला लावून घेण्यासारखा नव्हता. डिसेंबरमध्ये मात्र ह्वान मॅन्युएल मार्केसच्या उजव्या ठोशावर तो असा कोसळला की काही क्षण हललाच नाही. तेव्हा पॅकियाओ 34 वर्षांचा व्हायला आला होता आणि घरचेसुद्धा थांब म्हणत होते. त्यानं जवळजवळ वर्षभर हातात ग्लोव्ह्‌ज घेऊन रिंगमध्ये पाऊल ठेवलं नाही. मग नोव्हेंबर 2013 मध्ये मकाऊला त्याच्यासमोर उभा केला ब्रँडन रिओस. निवड बघा! रिओस चिवट, ठोसे मारणारा, पण सरळ पुढे चालत येणारा. मार्केससारखा टपून बसून उलटा ठोसा घालणारा नव्हे. मार बसला तर सोसतो का, पाय चालतात का, 12 फेऱ्या दम पुरतो का, हे सगळं कळणार होतं, पण ज्या हाडावर घाव बसला होता तिथंच पुन्हा घाव बसणार नव्हता. पॅकियाओ स्पष्टपणे जिंकला. एप्रिल 2014 मध्ये ब्रॅडलीला हरवून त्यानं पट्टाही परत घेतला. आणि या सगळ्यात त्याचा वस्ताद फ्रेडी रोचच राहिला.

आता उलट बाजू. रॉय जोन्स ज्युनियर. त्याचा खेळ पाठ्यपुस्तकाला धाब्यावर बसवणारा होता. हात खाली, हनुवटी उघडी, आणि तरी ठोसा पोचायच्या आत डोकं तिथून गेलेलं. हे सगळं चालत होतं ते केवळ चपळाईवर. मे 2004 मध्ये अँटोनियो टार्व्हरनं त्याला दुसऱ्या फेरीत नॉकआउट केलं. चारच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, तो ग्लेन जॉन्सनसमोर उभा होता. नवव्या फेरीत पडला तो कितीतरी वेळ कॅनव्हासवरच. पुढच्या वर्षी पुन्हा टार्व्हर, पुन्हा पराभव. लागोपाठ तीन. डोक्याला मोठा धक्का बसल्यानंतर चार महिन्यांत त्याला कुणी रिंगमध्ये सोडलं? प्रश्न जोन्सच्या धैर्याचा नाहीच, ते त्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त होतं. त्याला 2004 च्या हिवाळ्यात कुणीतरी सांगायला हवं होतं की बाबा रे, तुझं घर ज्या खांबावर उभं आहे तो खांबच कुजलाय, इथं डागडुजी होत नाही. तो पुढची कितीतरी वर्षं लढत राहिला, आणि 2009 ते 2011 या काळात पुन्हा लागोपाठ तीन वेळा हरला.

इथं येऊन विषय खेळाडूच्या हातातून सुटतो आणि सार्वजनिक होतो. ‘कसं सावरावं’ याच्या आधी ‘सावरू द्यावं का’ हा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर देण्याइतका तटस्थ माणूस त्या खोलीत बहुधा नसतो. प्रशिक्षकाला मानधनाचा साधारण दहावा हिस्सा मिळतो, मॅनेजरचा वाटा त्याहून मोठा. प्रवर्तकाला नाव विकायचं असतं, आणि हरलेलं मोठं नाव हे उगवत्या पोराच्या पाटीवर चढवायला फारच सोयीचं. महंमद अलीचं शेवटचं वर्ष आठवा. ऑक्टोबर 1980 मध्ये लॅरी होम्सनं त्याची दहा फेऱ्या केलेली दशा पाहून अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी यानं लढत थांबवली. तिथं संपायला हवं होतं. पण डिसेंबर 1981 मध्ये, 39 वर्षांचा अली बहामाजमधल्या नासाऊत ट्रेव्हर बर्बिकशी लढायला उतरला, कारण अमेरिकेत त्याला परवाना मिळणं अवघड होऊन बसलं होतं. आयोजन इतकं गचाळ की रिंगची घंटासुद्धा आणलेली नव्हती, गाईच्या गळ्यातली घंटा वाजवून फेऱ्या सुरू केल्या. अली हरला. तीन वर्षांत त्याच्या पार्किन्सनचं निदान जाहीर झालं.

अमेरिकेनं पुढे 1996 मध्ये व्यावसायिक बॉक्सिंगच्या सुरक्षेचा कायदा केला. त्यातलं एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. बॉक्सरला निलंबित करण्याच्या कारणांत तिथं नुकताच झालेला नॉकआउट आणि लागोपाठचे पराभव ही दोन्ही स्पष्ट शब्दांत नोंदवलेली आहेत, आणि एका राज्याच्या आयोगानं अशा कारणानं थांबवलेल्या बॉक्सरला दुसऱ्या राज्यात लढता येऊ नये अशी व्यवस्था सांगितलेली आहे. म्हणजे लागोपाठ हरणं हा कायद्याच्या लेखी वैद्यकीय इशारा आहे. आपण मात्र त्याला लाजेची गोष्ट मानतो. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही डोक्यावरच्या ठोशानं नॉकआउट झालेल्याला किमान 30 दिवस, तीन महिन्यांत दोनदा झालेल्याला 90 दिवस आणि वर्षात तीनदा झालेल्याला वर्षभर बाहेर बसवण्याची चौकट होती. कायदा पाळला जातोच असं नाही, पळवाटा असतात. तरी दार बंद करणारा कुणीतरी आहे, एवढं तरी त्यानं होतं.

आपल्याकडे व्यावसायिक बॉक्सिंगच्या दाराशी असा कुणी नाही. संस्था आहेत, पण संसदेच्या कायद्यानं अधिकार दिलेला आयोग नाही. आणि खेळ तर वाढतोय. मार्च 2021 मध्ये पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर, गच्चीवर रिंग मांडून विजेंदर सिंगची लढत झाली. 12 लढती अपराजित असलेला विजेंदर रशियाच्या आर्तिश लोप्सानपुढे पाचव्या फेरीत थांबला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांतून असं वाटत होतं की जणू कुणाचं निधनच झालं! ‘अजिंक्य’ ही पाटी गेली याचं दुःख सगळ्यांना, पण जवळजवळ सोळा महिन्यांच्या खंडानंतर लढलेला पस्तिशीचा माणूस गंजलेला असणारच, हे म्हणणारे थोडे. त्यानंतर तो पुन्हा रिंगमध्ये दिसला तो थेट ऑगस्ट 2022 मध्ये, रायपूरला. जिंकला, घानाच्या बॉक्सरला दुसऱ्याच फेरीत संपवून. पण 17 महिन्यांतली दोन फेऱ्यांची लढत म्हणजे बांधणी नव्हे, ती हजेरी झाली.

ऑलिम्पिकच्या वाटेवरच्या आपल्या मुलामुलींची गोष्ट आणखी अवघड, कारण त्यांना प्रतिस्पर्धी निवडताच येत नाही, तो चिठ्ठीतून निघतो. अमित पंघाल 2019 च्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवून, जागतिक क्रमवारीत पहिला म्हणून टोकियोला गेला आणि पहिल्याच लढतीत हरला. मग राष्ट्रकुलचं सुवर्ण, मग संघातली जागाच दुसऱ्याकडे. फेब्रुवारी 2024 मध्ये बल्गेरियातल्या सोफियाच्या स्ट्रांजा स्पर्धेत तो सुवर्ण जिंकला आणि तिथून बँकॉकच्या पात्रता फेरीत पॅरिसचं तिकीट मिळालं. पॅरिसमध्ये पुन्हा पहिल्याच लढतीत घरी. ऑलिम्पिकमध्ये लागोपाठ दोन. पण मला त्याच्या गोष्टीतली सोफिया महत्त्वाची वाटते. तिथं दूरचित्रवाणीचे कॅमेरे कमी, गडी मात्र कसलेले. हरलेल्या बॉक्सरला वर्षातून अशा चार-पाच स्पर्धा हमखास मिळाव्यात, ही मागणी पदकांच्या सत्कारापेक्षा जास्त लावून धरायला हवी. एका निवड चाचणीवर माणूस एकदम वर किंवा एकदम बाहेर, ही आपली रीत नारळाची कुस्तीच रद्द करून टाकते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बॉक्सरचं आयुष्य छोटं. तीन वर्षं छोट्या लढतींत घालवली तर कमवायचं कधी? पार्कर 2018 मध्ये 26 वर्षांचा होता, त्याला वेळ परवडला. वाइल्डर पहिल्यांदा हरला तेव्हा 34 चा होता. हे खरं आहे, आणि म्हणूनच वय झालेल्यानं एक मोठी रक्कम घेऊन थांबावं यात मला कमीपणा वाटत नाही. त्याला सावरणं म्हणू नये, एवढंच. आणि हरणं हाच रोजगार करून सन्मानानं जगलेली माणसंही आहेत. बर्मिंगहॅमचा पीटर बकली 300 व्यावसायिक लढती लढला, त्यातल्या 256 हरला. उगवत्या पोरांना धडे देणं हे त्याचं काम होतं, आणि त्यासाठी आधी स्वतःचं डोकं वाचवणं. 2008 मध्ये शेवटची, तीनशेवी लढत तो जिंकला. आपण काय विकतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सगळ्यात वाईट अवस्था मधल्या माणसाची, जो वर चढतोय असं समजून खाली विकला जातो.

पार्करचं तसं झालं नाही याचं कारण मला 21 जानेवारी 2023 च्या मँचेस्टरच्या रात्रीत दिसतं. जॉइसच्या नॉकआउटला चार महिने झाले होते. लोक आले होते लियाम स्मिथ आणि ख्रिस युबँक ज्युनियर यांची लढत बघायला. एकेकाळचा जगज्जेता पार्कर त्याआधी कधीतरी, लोकांचं अर्धंच लक्ष असताना, जॅक मॅसी नावाच्या खालच्या वजनातून आलेल्या माणसाशी दहा फेऱ्या लढला. त्याला पाडता आलं नाही. गुणांवर जिंकला, कुणी फारसं कौतुक केलं नाही. मेमध्ये मेलबर्न, ऑक्टोबरमध्ये रियाधला सायमन कीन. डिसेंबरमध्ये वाइल्डरसाठी सोपा गडी हवा होता, तेव्हा आयोजकांना त्याचं नाव आठवलं.